लाखेची तबकडी आणि आपण

आपल्या मंडळाच्या सभागृहात, रंगमंचाच्या डाव्या अंगास, एक हिरवे पोलादी कपाट उभे आहे. नव्या सभासदांपैकी अनेकांना त्यात काय आहे हे ठाऊक नसावे. सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहाच्या नूतनीकरणाचा विचार सुरू झाला, तेव्हा हे कपाट हलवून त्यातील 'जुने सामान' काढून टाकावे, अशी सूचना बैठकीत आली. सूचना गैर होती असे आम्ही म्हणत नाही. जागा अपुरी आहे, आणि गणेशोत्सवात खुर्च्या ठेवावयास कोपरा मिळत नाही, हे आम्हीही अनुभवतो. निर्णय वार्षिक सभेवर सोपविण्यात आला आहे. तत्पूर्वी या सामानाचा थोडा इतिहास सभासद बंधुभगिनींपुढे मांडावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

कपाटात ध्वनिमुद्रिका आहेत. खालच्या दोन कप्प्यांत मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, जड, ठिसूळ तबकड्या आहेत; वर प्लॅस्टिकच्या मोठ्या, दीर्घवादन तबकड्या आहेत; एका खोक्यात कॅसेटी आहेत. आणि सर्वांत वर, निळ्या कापडी बांधणीची एक नोंदवही आहे. १९७५ साली मंडळ स्थापन झाले, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती सुरू झालेली दिसते. तिच्याविषयी पुढे सांगूच. परंतु प्रथम त्या खालच्या दोन कप्प्यांतील तबकड्यांकडे वळू. कारण त्या जितक्या महाराष्ट्राच्या आहेत, तितक्याच या रांचीच्या आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल.

ग्रामोफोनची सपाट तबकडी एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली सिद्ध केली. तिच्या घडणीसाठी पुढे जे द्रव्य जगभर रूढ झाले ते म्हणजे चपडा लाख. दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि या सर्वांस सांधणारी लाख, असे ते मिश्रण. लाख हा कीटकांचा स्राव आहे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे कीटक वाढतात. आणि ही झाडे व हे कीटक जगात जेथे विपुल आहेत, अशा मोजक्या प्रदेशांत आपला छोटानागपूर अग्रभागी आहे. खुंटीच्या आठवडी बाजारात आजही लाखेने लगडलेल्या काड्या विकावयास येतात. येथून जवळच, नामकुम येथे, १९२४ साली लाख संशोधन संस्था स्थापन झाली. पुढे तिचे नाव बदलले आणि कार्यक्षेत्रही विस्तारले. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडील जलमार्ग धोक्यात आले, तेव्हा १९४२ साली अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घालावे लागले. येथील रानातल्या एका किड्यावाचून तिकडचे गाणे अडले, असेच म्हणावयाचे!

भारतातील ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ सालचा. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग त्या वर्षी कलकत्त्यास आले आणि नोव्हेंबर महिन्यात त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीतून स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. पुष्कळांस तो त्या बाईंचा ठसका वाटे. परंतु त्यामागे व्यवहार होता. मुद्रित केलेल्या मेणाच्या ठशांवरून तबकड्या घडविण्यासाठी ते जर्मनीत हॅनोव्हर येथे पाठवावे लागत. तेथील कारागिरांस कोणते गाणे कोणाचे हे कळावे, म्हणून ही घोषणा. म्हणजे आपली लाख समुद्रापार जाई, आपल्या गायिकेचा आवाजही समुद्रापार जाई, आणि दोहोंची तबकडी होऊन ती पुन्हा कलकत्त्याच्या बंदरात उतरे! १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला, तेव्हा हा द्राविडी प्राणायाम थांबला. पुढे दमदमचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि मराठी नाट्यपदांच्या कित्येक तबकड्या बंगालात घडून पुण्या-मुंबईस रवाना होऊ लागल्या. 'आपण महाराष्ट्रापासून दूर येऊन पडलो' असे आपण म्हणतो. परंतु बालगंधर्वांचा आवाज ज्या लाखेत कोरला गेला, ती लाख पिकविणाऱ्या मुलुखात आपण येऊन राहिलो आहोत, असेही म्हणता येईल.

आता ही तबकडी ऐकली कशी जाई, ते पाहू. कारण आमच्या मते खरा इतिहास तेथेच आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. रंगभूमीवर एकेक पद 'वन्स मोअर'च्या गजरात कितीतरी वेळ रंगे. तेच पद येथे तीन मिनिटांत आटोपावे लागे. गवयांना हा जाचच होता. कित्येकांनी तो साफ नाकारला. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली निवर्तले. त्यांचा आवाज आज आपणांस उपलब्ध नाही. ज्यांनी हा जाच स्वीकारला, त्यांनी मात्र तीन मिनिटांत रागाचे सार काढून दाखविले.

परंतु तीन मिनिटांच्या या मर्यादेचा आणखी एक परिणाम झाला, त्याची नोंद संगीताच्या इतिहासात फारशी कोणी घेतलेली नाही. तीन मिनिटांनंतर यंत्र थांबवावे लागे. तबकडी उलटावयाची, सुई बदलावयाची, चावी द्यावयाची. या सर्वांस एक-दोन मिनिटे लागत. आणि त्या एक-दोन मिनिटांत जमलेली माणसे बोलत.

आमचे आजोबा मिरजेस रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्या गल्लीत चावीचा ग्रामोफोन एकाच घरी होता, आणि तो आमच्या घरी नव्हता. शनिवारी रात्री त्या शेजाऱ्यांच्या ओसरीवर सतरंजी अंथरली जाई. मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाव. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका लहानशा रेल्वे स्थानकावर खाँसाहेबांचे देहावसान झाले, आणि त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. त्यानंतरच्या शनिवारी ओसरीवर त्यांची तबकडी लावली गेली तेव्हा कोणी बोलेना, असे आजोबा सांगत. तबकडी संपली, सुई आतल्या चरीत खरखरत राहिली, आणि ती उचलावयाचे भान कोणास राहिले नाही. अखेरीस घरच्या आजीबाईंनी आतून येऊन ती उचलली आणि दुसरी बाजू लावावयास सांगितले. मग हळूहळू एकेकजण बोलू लागला. कोणी खाँसाहेबांस कोठे पाहिले, कोणी त्यांचे गाणे कोठे ऐकले, ते सांगू लागला. आजोबांच्या मते त्या रात्री खाँसाहेबांची खरी शोकसभा झाली, आणि ती तबकडीच्या दोन बाजूंमध्ये झाली.

याच खाँसाहेबांची तबकडी ऐकून गदगचा एक मुलगा गाण्याने झपाटला आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला, ही पंडित भीमसेन जोशी यांची कथा सर्वश्रुत आहे. ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली अशी भटकंती करीत तो जालंधरला पोहोचला. तेथे भेटलेल्या विनायकबुवा पटवर्धनांनी त्यास सांगितले, की सवाई गंधर्वांकडे जा. म्हणजे त्याच्याच मुलुखातील कुंदगोळला परत जा! घरापासून शेकडो कोस दूर, एका मराठी गवयाने एका पोरास घराचा रस्ता दाखविला. कुमार गंधर्वांची बालपणाची कीर्तीही तबकड्यांवरच उभी होती. थोरामोठ्यांची गायकी ते ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गाऊन दाखवीत. पुढे १९४८ पासून ते माळव्यात देवासला राहिले, आणि महाराष्ट्राबाहेर राहूनच त्यांनी महाराष्ट्रास नवे गाणे दिले. तेव्हा 'बृहन्महाराष्ट्र' म्हणजे मूळ महाराष्ट्राची पडछाया, असे मानण्याचे कारण नाही.

आता त्या निळ्या वहीकडे येऊ. मंडळ स्थापन झाले तेव्हा येथे आलेली मराठी कुटुंबे हटियाच्या कारखान्यात, कोळसा खाणींच्या कार्यालयांत, आणि आमच्यासारखी केंद्र सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत होती. मुंबई-पुण्याचा प्रवास दीड-दोन दिवसांचा. पत्र पोहोचावयास आठवडा. आकाशवाणीची मराठी केंद्रे येथे धडपणे लागत नसत. सुट्टीवरून परतताना प्रत्येकाच्या सामानात मेतकूट, गोडा मसाला आणि एखादी तबकडी असे. एकट्याने किती तबकड्या घ्याव्यात? म्हणून असे ठरले, की प्रत्येकाने आणलेली तबकडी मंडळात ठेवावी, ज्यास हवी त्याने पंधरा दिवस न्यावी, आणि परत करताना वहीत दोन ओळी लिहाव्यात: काय ऐकले, आणि कसे वाटले.

ही वही आम्ही गेल्या उन्हाळ्यात साद्यंत वाचली, आणि सांगावयास संकोच वाटत नाही, की अलीकडच्या काळात इतके गुंगून दुसरे काही वाचले नाही. पहिल्या पानांवर 'शिवकल्याण राजा'च्या नोंदी पुनःपुन्हा येतात. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ साली, ती दीर्घवादन तबकडी निघाली होती. येथे ती इतक्या घरांत फिरली, की वर्षभरात तिच्यावर चरा पडल्याची तक्रारही वहीत आहे. 'गीतरामायणा'खाली एका गृहस्थांनी लिहिले आहे, की १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते दर आठवड्यास प्रथम प्रसारित होत होते, तेव्हा ते विद्यार्थी होते, आणि सबंध वर्षात त्यांचे एकच गीत चुकले. ते गीत त्यांनी वीस वर्षांनंतर रांचीत ऐकले. 'बटाट्याची चाळ' ऐकून परत करताना एका भगिनीने नोंदविले आहे, की शेजारचे बंगाली कुटुंबही हसावयास येऊन बसले. त्यांस भाषा कळत नव्हती, परंतु आम्ही हसतो म्हणून तेही हसत होते. एका तरुणाने किशोरीताई आमोणकरांचा भूप नेला आणि तीन वेळा मुदत वाढवून मागितली. चौथ्या वेळी मागितली तेव्हा खाली दुसऱ्या हस्ताक्षरात शेरा आहे, की इतरांसही कान आहेत!

तक्रारीही आहेत. एका सभासदाने नेलेली ७८ फेऱ्यांची तबकडी तीन तुकड्यांत परत आली. दोष कोणाचा यावर दोन पाने खर्ची पडली आहेत. अखेर त्या गृहस्थांनी गावी जाऊन तीच तबकडी जुन्या बाजारातून शोधून आणली, आणि आणल्याची नोंद केली; पुढे ज्यांनी सर्वाधिक कठोर लिहिले होते, त्यांनीच प्रथम ती घरी नेली. काही नोंदी चटका लावणाऱ्या आहेत. वडील गेल्याची तार आली आणि गाडी दुसऱ्या दिवशीची होती. त्या रात्री वडिलांच्या आवडीचे हिराबाई बडोदेकरांचे गाणे ऐकत बसलो, असे एकाने लिहिले आहे. त्याखाली काहीही अभिप्राय नाही. फक्त निरनिराळ्या शाईंत अकरा सह्या आहेत. नंतर ज्या ज्या घरी ती तबकडी गेली, तेथील माणसांनी मुकाट्याने तेथे सही केली.

वहीतील नोंदी १९८५ नंतर विरळ होतात, आणि १९९१ साली थांबतात. त्याचे कारण शोधावयास दूर जावयास नको. दीर्घवादन तबकडीच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे मावे. विलंबित ख्यालास न्याय मिळाला, हा लाभ लहान नव्हे. परंतु तबकडी उलटण्याची वेळ दूर गेली, आणि मधले बोलणे कमी झाले. मग कॅसेट आली. ती स्वस्त होती, घरी दुसरी प्रत काढता येत होती. तेव्हा उसनी आणून परत करण्याची, म्हणजेच पुन्हा भेटण्याची गरज संपली. १९७९ साली जपानात कानास लावून हिंडता येईल असे छोटे कॅसेट-यंत्र निघाले, आणि ऐकणारा माणूस एकटा झाला. आज तर हजारो तासांचे गाणे खिशात मावते, आणि ते कोठेच थांबत नाही. पूर्वी गाणे थोडे आणि बोलणे पुष्कळ होते. आता गाणे अपरंपार आहे, आणि ते ऐकून काय वाटले हे सांगावयास माणूस नाही.

हे लिहिताना आम्ही नव्या पिढीस बोल लावीत आहोत, असा समज होऊ नये. दोष आमचाच अधिक आहे. बदलीवर येथे आल्यापासून पहिली काही वर्षे आम्हीही सकाळचे फिरणे कानांत बोंडे घालूनच केले. शेजारच्या बाकावर बसणारे एक वृद्ध सभासद रोज हात हलवीत, आणि आम्हीही हात हलवून पुढे जात असू. एके दिवशी यंत्र बंद पडले म्हणून आम्ही थांबलो. त्यांनी विचारले, "सध्या काय ऐकता?" आम्ही सांगितले, केसरबाई केरकर. ते हसले, आणि म्हणाले, की मंडळाच्या कपाटात केसरबाईंच्या ज्या तबकड्या आहेत, त्या त्यांनीच आणलेल्या. त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्या बाकावर रोज अर्धा तास बसलो. आता ते नाहीत. त्याआधीच्या वर्षांत ती अर्ध्या तासाची बैठक आम्ही रोज कानांत बोंडे घालून चुकवीत होतो, ही रुखरुख कायमची राहिली. उलट आमची कन्या बंगळुरास नोकरी करते. ती तिच्या मैत्रिणींस भ्रमणध्वनीवर रोज एक गाणे पाठविते, आणि खाली दोन ओळी लिहिते. आम्ही तिला ही निळी वही दाखविली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे तर आम्ही करतो तेच आहे!" म्हणजे रीत मेलेली नाही. फक्त ती आपल्या सभागृहातून उठून दुसरीकडे गेली आहे.

केसरबाईंचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगून आवरते घेतो. सुवर्णमहोत्सवी अंकास ती शोभेल, कारण ती सोन्याच्या तबकडीची आहे. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने अंतराळात सोडली. त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी बसविली आहे. पृथ्वीवरील माणसे कशी होती, हे कोण्या अज्ञातास कधी काळी कळावे, म्हणून तिच्यात निरनिराळ्या देशांचे संगीत आहे. भारतातून निवड झाली ती गोव्यातील केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाईंच्या भैरवीची. लांबी अवघी साडेतीन मिनिटे. दुसरे यान ५ सप्टेंबर रोजी सुटले, आणि १६ सप्टेंबर रोजी केसरबाई निवर्तल्या. यांतील एक यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले, आणि दुसरे २०१८ साली.

परंतु आम्हांस या कथेतील दुसराच भाग अधिक मोलाचा वाटतो. संगीताच्या एका अभ्यासकाने हीच भैरवी घ्या, असे सुचविले होते. पण ती तबकडी बाजारातून नाहीशी झाली होती, आणि शोध करूनही मिळेना. अखेरीस ती सापडली न्यूयॉर्कमधील एका दुकानात, मागच्या बाजूस, एका टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात. दुकान एका भारतीय कुटुंबाचे होते. मायभूमीपासून हजारो मैल दूर राहणाऱ्या त्या माणसांनी ते 'जुने सामान' काढून टाकले नाही, म्हणून भारताचा आवाज आज ताऱ्यांच्या वाटेवर आहे.

वार्षिक सभेत कपाटाचा प्रश्न येईल, तेव्हा सभासदांनी याचा विचार करावा, ही विनंती. आमची सूचना साधी आहे. कपाट हलवावयाचे असेल तर खुशाल हलवावे, परंतु सभागृहातच राहू द्यावे. वाजवावयाचे यंत्र दुरुस्त करून घ्यावे. त्याचा खर्च आम्ही काही मंडळी मिळून सोसू. महिन्याच्या एका रविवारी संध्याकाळी सतरंजी अंथरावी. कपाटातील एक तबकडी लावावी, आणि एक गाणे कोणीही, तरुणांनी विशेषकरून, आपल्या आवडीचे आणावे. ते कोणत्या भाषेतले असावे यास बंधन नको. दोन गाण्यांच्या मध्ये मात्र यंत्र बंद ठेवावे, आणि बोलावे.

निळ्या वहीत अजून एकशे चाळीस पाने कोरी आहेत. पहिल्या रविवारी आम्ही ती दाराशी टेबलावर ठेवू. येणाऱ्या प्रत्येकास एकच प्रश्न विचारू: सध्या काय ऐकता?

उत्तर दोन ओळींत पुरे.